दसऱ्यानंतर कोण नाचतं?

बीड जिल्ह्यातल्या नाचाचा आढावा घ्यायचा तर पंचांगाशेजारी साखर कारखान्यांचा गळीत हंगामही मांडून बसावं लागतं. दसरा-दिवाळी उरकली की पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, परळी, आष्टी, गेवराई या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांपुढे ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, गोधड्या, शेळी, कोंबड्या, तान्हं पोर आणि कोयता घेऊन काही लाख माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. परततात ती चैत्र-वैशाखात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने इथला नाचणारा, वाजवणारा आणि बघणारा, तिघंही जिल्ह्याबाहेर असतात. मराठवाड्याच्या लोककलांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यात जात येते, दैवत येतं, वाद्य आणि वेश येतो. हंगाम क्वचितच येतो.

हंगाम आणि सण एकावर एक ठेवून पाहिले की कोणती कला टिकली आणि कोणती विरत गेली याचा बराच उलगडा होतो. आषाढीला माणसं घरी असतात. म्हणून भगवानगड आणि नारायणगडाच्या परिसरात वारकरी पावली आजही अंगात मुरलेली दिसते, पखवाजाची थाप पडली की दहा-बारा वर्षांच्या पोराचं पाऊलही चुकत नाही. पंचमीचे फेर, गौरी, तांड्यावरची तीज, अश्विनातलं नवरात्र हे सगळं मुक्कामाच्या दिवसांत येतं. पण अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा मोठा उत्सव मार्गशीर्षातला. तेव्हा कारखाने ऐन भरात असतात. कोकणातली आणि पुण्या-मुंबईची कुटुंबं कुलदेवतेच्या दर्शनाला अंबाजोगाईत येतात आणि देवीच्या पायाशी राहणारा ऊसतोड्या त्या वेळी दोन-तीनशे किलोमीटरवरच्या रानात मोळ्या बांधत असतो. परळीची महाशिवरात्र हंगामातच सापडते. अंबाजोगाईत नोव्हेंबरअखेर भरणारा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह हा मराठवाड्याच्या सांस्कृतिक जीवनातला मानाचा कार्यक्रम. त्याच्या तारखा ठरलेल्या असणं समजण्यासारखं आहे. पण त्या तारखांना जिल्ह्याचा मोठा भाग रिकामा असतो, हेही खरं.

तुळजाभवानीच्या आराध्यांचंच पाहा. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मळवट, हातात परडी आणि तेलात भिजवलेला पोत. संबळ, तुणतुणं आणि झांजेवर गाणं उभं राहतं आणि गाण्याच्या चढाबरोबर पोत नाचायला लागतो. पोत नाचवणारीला मोकळं अंगण लागतं. ज्वाळा तिच्याभोवती फिरते, बघणारे दोन पावलं मागे सरतात आणि त्या सरकण्यातूनच नाचाचं रिंगण तयार होतं. आता हीच बाई ऊसाच्या तळावर आणून बघा. सातारा-सांगलीकडच्या तळांवर कोप्या एकमेकींना खेटून असतात. काही ताडपत्रीच्या, काही अजूनही पाचटाच्या. भोवती वाळकं पाचट पडलेलं, शेजारी बैलांसाठी वाढ्यांचा ढीग. तिथे पोत पेटवायची कोणाची छाती होणार? एका मंगळवारी संध्याकाळी मी पाहिलेल्या आरतीत पोताच्या जागी एक बारकी दिवटी होती, तीही पत्र्याच्या डब्यात रोवलेली. आराधी बाई बसून गात होती. संबळ गावीच राहिलेलं, एकजण पाण्याच्या कॅनवर ठेका धरून होता. कंबरेपासून वर सगळा नाच शाबूत होता: मानेचा झोल, खांद्याची लय, हाताची फेक. पाय मात्र मांडी घालून गप्प होते. लोककलेचं रूप कसं बदलतं याची मोठी विवेचनं आपण वाचतो. इथे ते कारण डोळ्यांपुढे आहे, आग लागण्याची भीती आणि पहाटे तीनला उठायचं असणं. मला त्या बसलेल्या नाचात ओढीची जी तीव्रता दिसली ती नवरात्रातल्या झगमगाटात दिसलेली नाही. तुळजापूर तिथून लांब होतं, आणि ते लांब असणं तिच्या मानेच्या प्रत्येक झोलात होतं.

या ओढीचं मराठी प्रयोगकलेतलं जुनं घर म्हणजे लावणी. रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांच्या काळात लावणीत जो विरह दाटून आला त्याच्यामागे मोहिमांचं वर्ष होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग मुलूखगिरी आणि पावसाळ्याच्या तोंडावर घर. शिपाई उत्तरेत, त्याची बायको माडीवर वाट बघत. म्हणजे लावणीतला विरहही हंगामी स्थलांतरातूनच आलेला आहे आणि त्याचं वेळापत्रक ऊसतोडीच्या वेळापत्रकाशी जवळजवळ जुळतं. तरीही बीडच्या आजच्या विरहाला लावणी पुरत नाही. कारण इथे नवरा-बायको दोघंही जातात. मुकादम माणसं मोजतो तीच मुळी जोडप्यानं. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, एकटा असेल तर तो अर्धा कोयता. माडीवर वाट बघणारी उरलेलीच नाही. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. वाट बघायचं काम आता आठ वर्षांच्या मुलीकडे आलं आहे, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या वाट बघण्याला आपल्या रंगमंचीय परंपरेत ना चाल आहे, ना ताल, ना अदा. बीडच्या कलेबद्दल मला म्हणायचं आहे ते हेच. स्थलांतर बदललं, विरहाची माणसं बदलली, नाच मात्र अजून जुन्याच माणसांचा विरह नाचतो आहे.

तमाशाकडे वळलं की गुंता आणखी वाढतो. फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेला थांबतात. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. बीडमधल्या गावजत्रा चैत्र-वैशाखात भरतात, ऊसतोडे परतलेले असतात, मुकादमाचा हिशेब झालेला असतो किंवा पुढच्या सालावर ढकललेला असतो. त्या रात्री तमाशाच्या तंबूत जो प्रेक्षक बसतो तो सहा महिन्यांनी आपल्या गावच्या मातीत टेकलेला असतो, आणि त्याच्यापुढे नाचणारी बाई मात्र घर सोडून सात महिने झालेली असते. गवळण चालू असताना हे फार जाणवतं. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, मावशीची फिरकी. सगळा मामला घराबाहेर पडण्याचा आणि घरी परतण्याच्या घाईचा. प्रेक्षकांतल्या बायका, जिथे त्यांना बसायला जागा असते तिथे, याच भागाला मनापासून हसतात. तमाशातल्या वगाचा ऱ्हास झाला, रंगबाजीत सिनेमाची गाणी घुसली, ही तक्रार खरी आहे. पण या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर गवळण अजून जिवंत आहे, आणि ती जिवंत का आहे याचं उत्तर तंबूतल्या बायकांच्या पायांना पडलेल्या भेगांत आहे.

फडात नाचणारी आणि ऊस तोडणारी या दोघींना बांधणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे उचल. पावसाळ्यात फड बंद असतो तेव्हा कलावंतीण मालकाकडून किंवा सावकाराकडून रक्कम उचलते आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात जातो. ऊसतोड कामगाराचं आख्खं वर्ष याच चक्रात फिरतं. बीडच्या सीमेला लागून असलेलं जामखेड, पुढे मोडनिंब, चौफुला इथल्या कला केंद्रांतही हाच व्यवहार चालतो. २०२० आणि २०२१ या दोन सालांत करोनामुळे जत्राच बंद पडल्या तेव्हा उचल घेतलेल्या फडांची काय गत झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये ऊसतोडे परजिल्ह्यांत अडकून पडले होते, कोप्यांबाहेर पडायची बंदी आणि हातात पैसा नाही. नाचणारी आणि तिचा प्रेक्षक एकाच महिन्यात, एकाच कारणानं वाटेत अडकले.

संगीत बारीच्या कलावंतिणींकडे शहरी प्रेक्षकाला नीट बघायला लावलं ते भूषण कोरगावकर यांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकानं आणि सावित्री मेधातुल यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या त्याच नावाच्या प्रयोगानं. शकुंतलाबाई नगरकरांसारखी कलावंतीण जागेवर बसून, नुसत्या भुवईनं आणि मनगटानं एका ओळीचे पाच अर्थ करते तेव्हा लावणी म्हणजे उड्या नव्हेत हे वेगळं सांगावं लागत नाही. या कामाचं मोल मोठं आहे. मराठवाड्यात मात्र ते जसं पोचायला हवं तसं पोचलेलं नाही. इथे गेल्या काही वर्षांत जोर आहे तो डीजेवरच्या नाचाचा. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवरून राज्यभर गदारोळ झाला. तो सगळा श्लील-अश्लीलतेच्या रिंगणात फिरत राहिला. मला त्यातला प्रेक्षक महत्त्वाचा वाटतो. हजारोंनी जमणारी ती तरुण पोरं कोणाची आहेत, ती वर्षातून किती महिने गावात असतात आणि त्यांना गाणं ऐकायला कोणी कधी शिकवलं, याची चौकशी कोणी केली नाही. अदाकारीला ऐकणारा लागतो. ऐकणारा घडवायला गावात मुक्काम लागतो.

आणि साखरेनं लावणीला आश्रय दिला नाही असंही नाही. अकलूजच्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेनं १९९० च्या दशकापासून कलावंतिणींना मानाचं व्यासपीठ दिलं, शालू नेसलेल्या स्त्रियांना पुढच्या रांगेत बसवून लावणी बघायला लावली. हे थोर काम आहे. अकलूज हे सहकारी साखर कारखान्याचं गाव. त्याच भागातल्या फडात बीडच्या बायका ऊस तोडत असतात. स्पर्धेच्या मांडवापासून कोप्यांपर्यंतचं अंतर फार नसतं. ते अंतर अजून कोणत्याही कलेनं ओलांडलेलं मला माहीत नाही.

आता बंजारा तांडे. या जिल्ह्यातल्या नाचाचं सगळ्यात समृद्ध दालन हेच, आणि स्थलांतराची कला इथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. लमाणांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून राजस्थानाकडून दख्खनेत उतरले, मोगल फौजांना रसद पुरवत राहिले. इंग्रजांच्या काळात रेल्वे आणि पक्के रस्ते आले, बैलांचा व्यापार बुडाला, तांडे डोंगरकडेला स्थिरावले. बालाघाटच्या खडकाळ रानात पोट भरेना तेव्हा कोयता हाती आला. एकदा आलेली माणसं पुन्हा दरसाल जाऊ लागली. गोरमाटी बोलीत त्यामुळे दूर जाण्याला जितकी गाणी आहेत तितकी जवळ असण्याला नसतील. ढावलो घ्या. लग्नानंतर निघालेली नवरी आईच्या, भावाच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून लांब हेल काढत रडते-गाते. हे रडणं शिकावं लागतं. कुठे श्वास तोडायचा, कुणाच्या खांद्यावर कपाळ टेकायचं, कुठे हात सोडायचा, सगळं आखलेलं असतं. पुढे ती बैलाच्या पाठीवर उभी राहून दोन्ही हात उंचावते आणि तांड्याचा निरोप घेते, ती हवेली. जगातल्या कोणत्याही नृत्यपरंपरेत निरोपाचं इतकं धीट चित्र क्वचितच असेल: हलतं जनावर, त्यावर तोल सावरणारी मुलगी, आणि गाणं तुटू न देता मागे वळून बघणं.

तीज श्रावणात येते, तांडा भरलेला असतो. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि टोपल्यांभोवती फेर धरतात. कंबरेतून वाकून टाळी द्यायची, उठताना अर्धं पाऊल मागे घ्यायचं. वाकण्या-उठण्याची ही लाट वर्तुळातून फिरत जाते. शेवटच्या दिवशी रोपं वाटून टोपल्या बोळवतात. होळी मात्र फाल्गुनात, म्हणजे तांडा बाहेर. डफ वाजवत लेंगी म्हणत नाचण्याचा हा सण आता अनेकांच्या वाट्याला कारखान्याच्या तळावरच येतो. त्या रात्री जे दिसतं ते कुठल्याच मंचावर येत नाही. फेटिया-कांचळी गावी ट्रंकेत ठेवलेली. अंगावर साडी आणि तिच्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, ऊसाच्या पात्यानं हात कापू नयेत म्हणून घातलेला. काही बायका नाचायच्या आधी शर्ट काढून कोपीच्या मेढीला अडकवतात, काही बाह्या दुमडून तशाच फेरात शिरतात. पहिला अर्धा तास पाऊल उचलत नाही. दिवसभर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढलेलं शरीर मान ताठ ठेवायला शिकलेलं असतं. लेंगीला मान सैल लागते. ती सैल व्हायला वेळ लागतो, आणि ज्या क्षणी ती होते तो क्षण मला या जिल्ह्याच्या सगळ्या नृत्यकलेचा कळस वाटतो.

या शरीराबद्दल नृत्यसमीक्षेनं गप्प राहू नये. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, उपचाराला वेळ नाही, तेव्हा एकदाच काय ते उरकून टाकायचं. तळावरच्या फेरात तिशीतली बाई वाकताना हात पोटाशी नेते तेव्हा ती अदा नसते. हे ओळखता यायला हवं.

याउलट विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत बंजारा नृत्य लोकप्रिय आहे. भाड्यानं आणलेले आरसे, एका मापाचे घागरे, लखलखतं हसू, आणि शेवटी मनोरा. मुलं मेहनत घेतात, त्यांच्या उत्साहाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण त्या नाचात वजन नसतं. फेर इतका वेगानं फिरतो की वाकणं उरत नाही, आणि वाकणं गेलं की तीजही गेली, टोपलीही गेली. ऊसतोडीवर बसवलेल्या नाटुकल्या आणि नृत्यनाट्यांची गत दुसऱ्या टोकाची. तांबडा प्रकाश, उगारलेला कोयता, कोसळणारी बाई. ऊसतोड कामगार दिवसात हजारदा वाकतो, कोयता उगारत नाही. बुडख्याशी तो खालून, आडवा, नेमका चालतो. एवढं एक निरीक्षण जरी नृत्यदिग्दर्शकानं केलं असतं तरी नवा पदन्यास सापडला असता.

बाहेरच्या जगात स्थलांतरित कलावंतांनी ओढीची मोठी कला घडवली आहे. लंडनमध्ये वाढलेल्या, बांगलादेशी आईबापांच्या अक्रम खानांनी २०११ मध्ये ‘देश’ हा एकल नृत्यप्रयोग केला. बापाची भूमी आणि आपलं उपरेपण ते कथ्थकमध्ये मुरलेल्या शरीरातून शोधतात. मराठी माणसांचंच उदाहरण हवं तर मॉरिशस आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून कराराच्या मजुरीवर ऊसाच्याच मळ्यांत गेलेल्यांनी जाखडी सोबत नेली. तिथे ती झाकरी झाली आणि गणपतीत आजही नाचली जाते. ऊस तोच, आगाऊ बांधून घेणं थोडंफार तेच. फरक एवढाच की मॉरिशसला गेलेला बहुतेकदा परत आला नाही. त्याच्या ओढीला स्थिर होण्यापुरती जमीन मिळाली, पुढे मंडळं आणि भवनं उभी राहिली. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत लेझीम आणि लावणी होते, तिचंही तसंच. बीडचा ऊसतोड्या दरसाल जातो आणि दरसाल येतो. तो धड परदेशस्थ नाही, धड गावकरी नाही. त्याच्या नाचाला आश्रय द्यावा असं ना गावाला वाटतं, ना कारखान्याला. सहा महिन्यांची ओढ पिकायच्या आत चैत्र येतो, आणि ती पुरती निवायच्या आत दसरा.

तरी नवं काहीच घडत नाही असं नाही. ते घडतं आहे जिल्हा परिषदेच्या शाळांत. स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत होतात. आईबाप ऊसाला, मूल आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. पुढच्या सतरंजीवर पदर डोक्यावर घेतलेल्या आज्या, मागे काठी टेकून आजोबा. मुली सिनेमाच्या गाण्यावर, कोळीगीतावर, भीमगीतावर नाचतात. शिक्षक किंवा थोरला भाऊ मोबाइल धरून उभा असतो, कारण रात्री ते चित्रीकरण तळावर पोचायचं असतं. हे माहीत असल्यामुळे पोरगी प्रेक्षकांकडे बघतच नाही, मोबाइलकडे बघून नाचते. तिची नजर, मान, हाताची दिशा सगळं त्या एका बिंदूकडे वळलेलं. शेजारची मुलगी आड आली तर ती अर्धं पाऊल सरकून पुन्हा चौकटीत येते. शिक्षकानं बसवलेल्या नाचात हे अर्धं पाऊल नसतं, ते तिचं स्वतःचं. आणि रात्री दोनशे किलोमीटरवर कोपीबाहेर चार-पाच जणी एका पडद्यावर वाकून तो नाच पुन्हा पुन्हा बघतात, एखादी बसल्या जागी खांदे हलवते. लावणीनं ज्याला शब्द दिले नाहीत तो आई-लेकरांचा विरह इथे स्वतःची देहबोली शोधू लागलाय. अजून ती कच्ची आहे, उसन्या गाण्यांवर उभी आहे. पण नाचणारी कोणासाठी नाचते आहे याबद्दल तिच्यात जराही संशय नाही, आणि हे मला आजच्या कितीतरी सराईत प्रयोगांबद्दल म्हणता येत नाही.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. जिल्ह्यातले लोककला महोत्सव आणि प्रशिक्षण शिबिरं वैशाख-ज्येष्ठात घ्यावीत, तेव्हा ढावलो म्हणणाऱ्या आणि पोत नाचवणाऱ्या बायका गावात असतात आणि त्यांच्या नातीही. ढावलो आणि हवेली जाणणाऱ्या म्हाताऱ्या आता तांड्यागणिक थोड्याच उरल्या आहेत. त्यांचं चित्रीकरण याच दोन महिन्यांत, त्यांना योग्य मानधन देऊन, गोरमाटी जाणणाऱ्या माणसांच्या हातून व्हायला हवं. कारखान्यांनी तळावर होळीच्या रात्री एक मोकळी, पाचट नसलेली, पाण्याचा टँकर उभा असलेली जागा आणि दुसऱ्या दिवशी खाडा न लावता सुट्टी द्यावी. एवढ्यावर लेंगी आणि पोत दोन्ही उभे राहतील. आणि नृत्यावर लिहिणाऱ्यांनी फाल्गुन पौर्णिमेला पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांऐवजी एखाद्या तळावर जावं. रात्री नऊनंतर, जेवणं उरकल्यावर, डफ तापवायला घेतात तेव्हा.